पहिलीच्या वर्गाचं मखर

बायकोने मदत मागितली की नवऱ्याने ताबडतोब आजारी पडावं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या सुमारास आमच्या भांडुपच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला होता आणि आमची सुनंदा जवळच्या शाळेत पहिलीला शिकवत होती. शिकवत होती म्हणजे व्हरांड्यात! एका बाजूला मुतारी, दुसऱ्या बाजूला घंटा. पोरांनी अक्षरं म्हणायला तोंड उघडलं रे उघडलं की शिपाई घंटा बडवायचा. अखेर जूनमध्ये तिला एक रिकामी खोली मिळाली, पण तात्पुरती! सोमवारी तपासणीला साहेब येणार. वर्ग पसंत पडला तर खोली पहिलीची. नाही तर तिथे मोडकी बाकं भरायची आणि पोरं पुन्हा मुतारीशेजारी. त्या विचाराने सुनंदाला जेवण जात नव्हतं.

आणि नेमका रविवारी नाहूरला तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा!

"अहो, एवढं कराल ना?" ती म्हणाली. "तक्ते पोरांच्या उंचीवर लावा. दप्तरांना खुंट्या ठोका. मध्ये जागा मोकळी सोडा, पोरं गोल बसतील. माझी खुर्ची कोपऱ्यात. बस्स, एवढंच."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. (हे ऐकल्यावर तिने साखरपुड्याला जायलाच नको होतं.)

आता सांगायला हरकत नाही, चाळीच्या गणपतीचं मखर दरवर्षी मीच करायचो. थर्माकोल दिसला की माझे हात शिवशिवतात. लायटिंग आमच्या शेजारच्या बाळ्याकडे. आम्ही दोघं हातोडी घेऊन वर्गात शिरलो, खुंट्या ठोकल्या, तक्ते लावले. तरी खोली आपली ओकीबोकी.

"साहेबावर इम्प्रेशन पडायला पायजे यार," बाळ्या म्हणाला. "गेल्या वर्षीचं मखर माळ्यावर पडलंय ना?"

झालं! आम्ही असे काही पेटलो की विचारू नका. समोरच्या भिंतीवर लाल मखमली पडदा. पुढे थर्माकोलचे सोनेरी खांब, वर कमान, कमानीला बेगडाची झालर. कोपऱ्यातली खुर्ची अगदीच केविलवाणी दिसत होती, ती दोन बाकं जोडून त्यावर चढवली, बरोब्बर कमानीखाली! सभोवार लुकलुकणारं तोरण.

"झकास रे!" बाळ्याने डोळे पुसले. मीही पुसले.

सोमवारी मी रजा टाकून शाळेत गेलो. कौतुक ऐकायला! सुनंदा दारातच थबकली.

"अहो... हे काय केलंत?"

"आवडलं ना?"

ती काही बोलणार तोच घंटा झाली आणि पोरं आली. एरवी धिंगाणा घालणारी ती कार्टी दाराबाहेर चपला काढून, हात जोडून, रांगेत उभी राहिली. चूं नाही की चां नाही! एका मुलीने वेणीतलं फूल काढून खुर्चीपुढे ठेवलं आणि हळूच विचारलं, "बाई, आरती कधी?"

पोराला सोडायला आलेली एक मालवणी आई दारातून डोकावली. "अगो बाय, गणपती यंदा जूनातच इले?"

इतक्यात साहेब आले. पोरांच्या चपला बघून त्यांनीही बूट काढले, आत येऊन हात जोडले, डोळेसुद्धा मिटले! मग आपण तपासणीला आलोय हे आठवलं असावं. त्यांचे कान लाल झाले.

"फळा कुठाय?"

"पडद्यामागे, साहेब," मी पुढे सरसावलो.

"मग मुलांना तो दिसणार कधी?"

"विसर्जनानंतर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सुनंदाचा चेहरा रडवेला झाला. मला खरंच फार वाईट वाटलं. खोली तर गेलीच, वर पोरं परत व्हरांड्यात. पण तिने एकदा माझ्याकडे बघितलं (ते बघणं मी अजून विसरलेलो नाही), पदर खोचला आणि टाळी वाजवली.

"पोरांनो! आपल्याला हे मखर मोडायचंय!"

काय विचारता! अख्खी पहिली त्या मखरावर तुटून पडली. "बाई, माझा गोल!" "ए, हा त्रिकोण आहे, तिकडे ठेव!" "खांब किती रे? मोजा, मोजा!" बघता बघता पोरं मध्ये गोल करून बसली, तुकड्यांचे ढीग लावले, मोठ्यावर छोटा रचून घर बांधलं. पडदा ओढला तसा फळा दिसला, त्यावर सुनंदाने भराभर आकडे लिहिले. साहेब पायमोज्यांवर पोरांतच बसले होते. त्यांच्या टकलावर थर्माकोलचे दाणे चिकटले होते.

"ओ साहेब, तुमचा चौकोन आहे," एका पोराने त्यांना दटावलं. "त्रिकोणात का घातलात?"

साहेबांनी मुकाट्याने चौकोन उचलला आणि योग्य ढिगात ठेवला.

जाताना ते म्हणाले, "बाई, खोली तुमच्या पहिलीची. पहिलीची मुलं साहेबासमोर एवढी बोललेली मी बघितली नव्हती." सुनंदा हसता हसता रडली. मी कोपऱ्यात झाडू मारत होतो, पण मलाही भरून आलं. थर्माकोलचे दाणे केरात येता येत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

पुढे शाळेच्या गॅदरिंगला मी इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत गेलो, तर शिपायाने फाटकातच अडवलं.

"तुमाला आत सोडायचं नाय, अशी ऑर्डर हाय."

"कोणाची? त्या साहेबांची?"

"नाय हो, पहिलीच्या बाईंची. म्हणाल्या, स्टेजची सजावट पुरी होईपर्यंत ह्यांना बाहेरच धरून ठेवा!"