सणसरच्या टोळीचे एक पिंप

इंदापूरच्या स्थानकात उतरलो तेव्हा पाऊस उघडला होता. सणसरच्या रस्त्यावर चिखल मात्र तसाच होता. अवकाळी पावसाने ऊसतोड थांबली होती. तोडणी कामगारांपैकी कोणाच्या घरी अन्न कमी पडते आहे, हे पाहून बारामतीची एक संस्था शिधा देणार होती. पाहणीसाठी निघालेल्या बावड्याच्या सुनंदाताईंबरोबर मी बातमीदार म्हणून होतो.

उसाच्या फडाच्या कडेला रिकाम्या बैलगाड्या उभ्या होत्या. वाढे (उसाचे शेंडे) चाऱ्यासाठी विकून कामगारांचे मीठ-तेल येते. तोड बंद, म्हणून तेही बंद.

एका कोपीत (उसाच्या पाचटाच्या झोपडीत) कांताबाई भेटल्या. सुनंदाताईंनी त्यांच्या लेकीच्या दंडाला मापपट्टी लावली. रंग पिवळा आला, म्हणजे पोषण कमी पडू लागले होते.

"काल काय खाल्लं?"

"भाकरी आन् ठेचा."

"पीठ उसनं आणावं लागलं का?"

"न्हाय."

बाकीच्या कोप्यांतही हेच उत्तर मिळाले; उसने कोणीच घेतले नव्हते, आणि संस्थेच्या यादीत टंचाईची खूण तीच होती. त्यामुळे सगळ्या टोळीत मदतीला पात्र ठरले ते कांताबाईंचे एकच घर, तेही मुलीमुळे. परत येऊन हे सांगताच कांताबाई म्हणाल्या, "आमच्याच कोपीला? मग नगं."

"पोरीकडं बघा की."

"तिच्याकडंच बघतीय. पण एकटीनं शिजवून तिला कसं चारू? पीठ सगळ्यांचं एका पिंपात असतंय."

त्या आम्हाला मुकादमांच्या (टोळीप्रमुखांच्या) कोपीत घेऊन गेल्या. पिंपाचा तळ दिसत होता. सगळी टोळी त्यातूनच पीठ घेत होती.

"तात्या, हे आधी सांगायचं न्हाय का?" सुनंदाताई म्हणाल्या.

मुकादम हसले. "तुमी घरं मोजाय आलता. पिंपाला कोण इचारतंय? आन् आपल्याच पिंपातलं घेतलं, त्याला उसनं कसं म्हणायचं?"

"व्हय, माझंच चुकलं. किती पुरंल हे?"

"उद्या सकाळपतुर."

सुनंदाताईंनी तिथूनच बारामतीला फोन लावला. "कोप्या वेगळ्या, पीठ एक," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "टोळी हेच एक घर धरा." पलीकडून होकार येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी शिध्याचा टेम्पो आला. पहिले पोते कांताबाईंनी पिंपात रिते केले. चुली पेटल्या, पहिली भाकरी उतरली. मुकादमांनी ती डाळीत कुस्करून कांताबाईंच्या लेकीपुढे ठेवली. "पिवळ्या पट्टीवालीनं आधी बसायचं," ते म्हणाले. मोठी माणसे मागे थांबली.

परतीच्या बसमध्ये बातमी लिहायला घेतली. शिधा किती कुटुंबांना मिळाला, असे कार्यालयातून विचारले जाणार होते. मी लिहिले : एका. ते कुटुंब केवढे आहे, हे सांगायला मला उरलेली सगळी बातमी लागली.