ऐंशी नंबरची जागा

बुधवारच्या बाजारात उज्वलाच्या वाटेला जायचं नाही, हे गोदाकाठी भाजी विकणाऱ्या सगळ्यांना पक्कं ठाऊक. वीस वर्षं तिची जागा एकच. मंगळवारी संध्याकाळी गोणपाट अंथरून कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायचे आणि पहाटे मेथी-कोथिंबीर घेऊन हजर व्हायचं. त्या जागेवर कुणी बसलंच, तर उज्वलाच्या जिभेला हाड नसायचं. अशी ही बाई एका लाल ओळीपुढे दोन दिवस हात टेकून बसली होती.

झालं असं. मखमलाबादच्या अकरा बायकांचा गट इंदिरानगरच्या सोसायट्यांना घरपोच भाजी द्यायचा. फोनवरच्या ऑर्डरींचा नुसता सावळागोंधळ. पालक मागितला त्याच्या दारात शेपू, आणि शेपूवाल्याच्या दारात कुणीच नाही. म्हणून वेबसाइट करायचं ठरलं. शहरातला साइट बनवणारा ललित ते काम करायला तयारच होता. पण गटातलीच उज्वला सहा महिने दुपारच्या क्लासला जाऊन हेच शिकत होती. भर बैठकीत ती बोलून गेली, की साइट मी करते, रविवारी अकराला घरी येऊन बघा, नाही चालली तर खुशाल ललितला द्या. ललित हसला. ताई, हे मेथीच्या जुड्या बांधण्याएवढं सोपं नसतं, म्हणाला. जुड्या बांधणं सोपं असतं हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

आता साइट काही उठून एकदम नेटवर टाकत नाहीत. आधी आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम बसवायचा, आणि साइट घरच्या घरी चालवून बघायची. क्लासमधल्या कॉम्प्युटरवर उज्वलाची साइट पळत होती. द्वारका चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र सर्व्हर सुरू करायचं बटण दाबलं, की क्षणभर हिरवा रंग दिसायचा आणि लगेच लाल ओळ. तिने तो प्रोग्रॅम तीनदा काढला, तीनदा टाकला. क्लासच्या मोहिनी मॅडम लग्नाला लासलगावला गेलेल्या, फोन बंद. शिकवणीच्या व्हिडिओतला माणूस इतक्या घाईने बोलायचा, जणू त्याची गाडी सुटत असावी. रविवारचे नऊ वाजले तरी ओळ लालच.

बाजूला तिच्या सासू नवसाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. कॉम्प्युटरला त्या डबडं म्हणायच्या. बाजारातली ती जागा मुळात त्यांची; सून आल्यावर त्यांनी ती तिच्या हवाली केली होती. सुनेचे डोळे भरून आलेले त्यांनी पाहिले, आणि डबडं म्हणतंय तरी काय, असं विचारलं.

उज्वलाने ती इंग्रजी ओळ पहिल्यांदाच एकेक शब्द लावून वाचली. तोवर तिने फक्त लाल रंग पाहिला होता. ती म्हणाली, "आत्या, सर्व्हरला बसायला नंबर घातलेली एक जागा लागते. ऐंशी नंबरची. तिथं आधीच दुसरं कुणीतरी बसलंय म्हणतंय."

जुन्या मालकाने कधीकाळी टाकलेला कुठलासा प्रोग्रॅम होता तो. कॉम्प्युटर चालू झाला रे झाला, की आयत्या बिळावर नागोबा.

नवसाबाईंनी जुडीची गाठ मारली. "मग भांडत काय बसली? पल्याड बस. जागा गेली म्हणून बाजार चुकवायचा नाय."

उज्वलाने सर्व्हरची फाइल उघडली, ऐंशी खोडून आठ हजार ऐंशी लिहिलं आणि बटण दाबलं. हिरवं झालं. हिरवंच राहिलं. तिने घाईघाईने पत्ता टाकून पान उघडलं, तर समोर तोच आगंतुक, त्याचं कोरं पान घेऊन.

नवसाबाई मान वर न करता म्हणाल्या, "पल्याड बसलीस, पण गिऱ्हाइकाला सांगितलंस का?"

नव्हतंच सांगितलं. नुसता पत्ता टाकला, की कॉम्प्युटर जुन्या ऐंशीवरच जायचा. बाजारात जागा हलली, की शेजारणीला निरोप देऊन ठेवायचा, माझं गिऱ्हाईक आलं तर इकडे धाडा. वीस वर्षं डोळ्यांसमोरचा रिवाज आणि इथे साफ विसरली. तिने पत्त्यापुढे आठ हजार ऐंशी जोडलं. पडदाभर हिरवीगार मेथी उघडली आणि खाली गटातल्या अकरा जणींची नावं, ओळीने. उज्वला रडली, हसली आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही.

अकराला सगळ्या जणी आल्या, ललितही आला. गटप्रमुख धोंडाबाईंनी स्वतः माऊस धरून पालक मागवला. यादीत पालकच आला. त्यांनी शेपू मागवून बघितला, शेपूच आला. बायकांत एकच कालवा उठला. ललितने पत्ता वाचला आणि विचारलं, की ही जागा बदलायचं कुणी सांगितलं? उज्वलाने सासूकडे बोट दाखवलं. मग तो म्हणाला, पण हे फक्त तुमच्या घरात चालतंय.

"आधी घरातच चालवायचं असतं," उज्वला म्हणाली. "चुका घरात करायच्या, बाजारात नाही."

धोंडाबाईंनी मतंबितं काही घेतली नाहीत. काम उज्वलाचं, आणि नेटवर चढवायचंही तिनेच, असं सांगून त्या चहाकडे वळल्या. ललितने चहा घेतला. जाताना त्याने उज्वलाचा नंबरही घेतला, अडलंच काही तर विचारायला.

मंगळवारी संध्याकाळी उज्वला सवयीने गोणपाट काढायला गेली, तर ते खुंटीवर नव्हतं. नवसाबाई ते काखेत मारून, चपला घालून दारात उभ्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांची तिला काळजी वाटली, आणि तिने तसं म्हटलंही.

"बुधवारी माझ्या जागेवर मी बसते," नवसाबाईंनी डबड्याकडे बोट केलं. "तुझी जागा ती."