भाग न जाणारी ताई

डोंबिवलीहून शेजारीण निरोप घेऊन कळव्याला आली तेव्हा मी भात वेळत होते. "तुमची ताई गेली हो..." खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. चाळिशीही न गाठता जायचं असं काय अडलं होतं तिचं?

लग्नाआधी ताई गणितात बी.ए. झालेली. नवरा अकाली गेला. वर्षश्राद्ध आटोपल्यावर तिन्ही दिरांनी परस्पर ठरवून टाकलं, की इंदूनं चार महिने ठाण्याला थोरल्याकडे राहायचं, चार कल्याणला मधल्याकडे, चार डोंबिवलीला धाकट्याकडे. म्हणजे तिन्ही घरचा स्वयंपाक तिच्याच गळ्यात. मी भांडायला उठले, ताई मात्र शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मला तिनानं भाग जात नाही." थोरले हसले, "बरं, मग दोघांत बघू." "दोनानंही नाही. माझा भाग मलाच जातो." महिन्याभरात तिनं शाळेत नोकरी धरली आणि डोंबिवलीत स्वतःची खोली केली.

तिथं दारात ती रोज सकाळी ठिपके काढायची. सातापासून एकेक वाढवत तेरापर्यंत, पुन्हा उतरत सातावर... एकूण एकशे सत्तावीस. ही मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. ठिपके ती कधी जोडायची नाही. विधवेच्या दारात रांगोळी म्हणून शेजारणी नाकं मुरडायच्या, तिनं लक्ष दिलं नाही. मला म्हणायची, "अगं, इतके दोन घे, सगळे एकमेकांनी गुण आणि एक वजा कर. एकोणचाळीस आकडी संख्या येते, आणि तीही मूळच! आजवर सापडलेल्यांत सगळ्यांत मोठी." मी विचारलं, हिचा उपयोग काय? "उपयोगाची तर मीही होते गं, तिघांच्या स्वयंपाकघरात."

पुढं थोरले दीर एकदा वर्तमानपत्र नाचवत आले. "इंदू, तुझी संख्या हरली! परदेशात यंत्रानं हिच्याहून मोठी काढली." ताईनं बातमी दोनदा वाचली, डोळे लकाकले तिचे. "मोठेपण गेलं, भाऊजी. भाग अजूनही जात नाही."

सुतकात रांगोळी काढत नाहीत. मी काढली. तिच्याच दारात, तिच्याच डब्यातली, डोळ्यांतलं पाणी पुसत. तेवढ्यात तिघे दीर आले. थोरल्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "भांडी, स्टोव्ह, कपाट... तिघांत वाटून टाकू." मी खाली पाहिलं तर कोपऱ्यातला एक ठिपका राहिलेला. म्हणजे एकशे सव्वीसच! तिघांत अगदी सरळ भाग जाणारे. अंगाचा तिळपापड झाला माझा. चिमूट घेतली, खाली बसले आणि तो ठिपका ठेवला.

"एक राहिला होता," मी म्हटलं. "आता वाटून दाखवा."

तिघं उंबऱ्याबाहेरूनच परतले. खोली मी सोडलेली नाही, कळवा सोडून आता तिथंच राहते. कपाट, स्टोव्ह जागच्या जागी आहेत, आणि रोज सकाळी दारात ठिपके पडतात. ते मी जोडत नाही.