गळलेलं तिसरं कडवं

इंडियानातल्या आमच्या कॉलेजात मुलींचं एक भगिनीमंडळ होतं. आम्ही सभासद मुली राहायचो त्या मंडळाच्या घरात आर्विला स्ट्राउडबाईंनी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. आम्ही चाळीस पोरी त्यांच्या हातच्या चिकन-डंपलिंगवर पोसलो. कुणाच्या हातून कॉफी सांडली की त्या विचारायच्या, "हात कामाचे आहेत, की नुसते शोभेला?" त्यांच्या बोलण्याचा कधी कुणाला राग आला नाही.

दर सोमवारी जेवणानंतर सभा असे. दिवाणखान्याचं दार लावायचं, मेणबत्त्या पेटवायच्या आणि हातात हात घेऊन मंडळाचं गाणं म्हणायचं. १८८३ साली कॉलेजच्या भोजनगृहात सहा मुलींना कुणी शेजारी बसू देईना, म्हणून त्यांनी हे मंडळ काढलं. गाणंही त्यांचंच. ते बाहेरच्या माणसासमोर म्हणायचं नाही, असा नियम होता. १९६७ साली मी अध्यक्ष होते, त्यामुळे दार मीच लावायचे. नियमांचा मला भारी ताठा होता. आज आठवलं की लाज वाटते.

त्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. शेवटच्या सोमवारी मी सवयीने दाराला हात घातला, तर समोर स्वयंपाकघरात त्या एकट्याच ताटल्या पुसत होत्या. मला दार लावताच येईना. ज्यांना कुणी जवळ बसू दिलं नाही त्यांनी काढलेलं हे मंडळ, आणि बाई अठ्ठावीस वर्षं त्याच्याच दाराबाहेर.

मी सगळ्यांना स्वयंपाकघरात चला म्हटलं. एकीने नियमाची आठवण करून दिली. "मंडळाच्या मुख्यालयाला कळव खुशाल," मी म्हटलं.

आम्ही टेबलाभोवती उभ्या राहिलो. बाईंचा ओला हात मी धरला.

"डार्लीन, हे काय खूळ काढलंस?" त्या पुटपुटल्या.

दोन कडवी झाली आणि आम्ही थांबलो. बाई थांबल्या नाहीत. डोळे मिटून त्या तिसरं कडवं म्हणत होत्या. आमच्यातल्या एकीनेही ते कधी ऐकलेलं नव्हतं.

"महायुद्धाच्या दिवसांत पोरींना घाई असायची, तेव्हा हे गळलं," त्या म्हणाल्या. "दाराआडून ऐकलेलं मी आपली भांडी घासताना म्हणत राहिले. कधीतरी कुणी विचारेल, म्हटलं."

मी वही आणली. त्या सावकाश सांगत गेल्या आणि मी लिहून घेतलं.