खाकी पॅंटीची पिशवी

पालमच्या बाजारात आमच्या शेजारचे काका लांबूनच ओळखू येतात. ते एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या खाकी पॅंटीचे दोन्ही पाय खालून शिवून घेतले आणि तिची पिशवी केली. कंबर मानेमागे टाकायची आणि भाजीनं भरलेले दोन्ही पाय पुढं सोडायचे. लांबून वाटतं, नातवाला खांद्यावर बसवून आणलंय.

कॅरीबॅगवर त्यांचा भारी राग, पण भाषण करत नाहीत. एवढंच विचारतात, "घरून निघताना पॅंट इसरता का? न्हाई ना. मंग पिशवी कशी इसरता?"

मी शाळेत मास्तर, म्हणून बाजारात त्यांना टाळायचो. परवा मात्र सापडलो. भाजीवाली माझी दोन किलो वांगी कॅरीबॅगमध्ये टाकणार, तेवढ्यात काकांनी पारडंच उचललं आणि वांगी पॅंटीच्या रिकाम्या डाव्या पायात ओतली.

"काका, तुम्हाला कशाला ओझं?"

"मला कशाचं? उजवा पाय माझा, डावा तुमचा. धरा."

मग एकेक पाय खांद्यावर घेऊन आम्ही दोघं भर बाजारातून एका पॅंटीत निघालो. समोरून नेमके आमचे हेडमास्तर आले. मी लाजेनं मान खाली घातली. वर पाहिलं, तर ते हातातली कॅरीबॅग पाठीमागं लपवायलेत.

काका थांबले. "या सर," ते म्हणाले, "उजव्या पायात आजून लय जागा हाय."