जाळीखालचा समुद्र

आक्काला शेवटचं भेटलो ते बीडच्या दवाखान्यात. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या पायांवर येत होतं म्हणून मी पडदा ओढायला उठलो, तर म्हणाली, "राहू दे. बरं वाटतंय." मग तिने डोळे मिटले. डोळा लागला असं समजून मी पिशवीतलं पुस्तक काढलं, आणि डोळे न उघडताच ती म्हणाली… "टाकी तू ने. हलवल्यावर जाळी घाल. उजेड एकदम देऊ नको." मी हो म्हणालो. "हो काय, नीट ऐक. पुस्तकात बघत बसू नको." एवढंच. घराबद्दल, सामानाबद्दल, माझ्याबद्दल एक शब्द नाही. त्याच आठवड्यात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माजलगावहून पुष्कळ माणसं आली. वंदना झाली, चार लोक बोलले, आणि जेवताना जो तो माझ्याजवळ येऊन हळूच विचारत होता, "अन् ते फूल? हाय का अजून?"

ते फूल म्हणजे समुद्रफूल. दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी. खडकाला चिकटून बसतो आणि बोटांसारख्या पाकळ्या पाण्यात हलवत राहतो. समुद्रापासून इतक्या लांब, तेही दुष्काळात, माझ्या बहिणीने तो का पाळला आणि कसा जगवला, हे मला लिहून ठेवायचं आहे.

आम्ही बीडजवळच्या पालीचे. बिंदुसरेच्या धरणावर पोहायला शिकलो, आक्का माझ्या आधी. वनस्पतिशास्त्र शिकणारी आमच्या घरातली ती पहिली. शिकून ती माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. उसाच्या कोंबाचा कणभर तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा, त्याची शेकडो रोपं करायची आणि ती सभासदांना द्यायची, हे तिचं काम. मी सुटीत जायचो तेव्हा त्या खोलीत मांडण्यांवर ओळीने बाटल्या आणि प्रत्येक मांडणीवर पांढऱ्या दिव्यांच्या नळ्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आक्का आत बसून रोपांना बेताचा उजेड देत असायची. लग्न तिने केलं नाही. विचारलं की म्हणायची, "माझी लेकरं बाटलीत हायेत, बाहेर काढायला वेळ हाय."

मग लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं आली. माजलगावचं धरण मृतसाठ्यावर गेलं, ऊस वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. ऊसच लावायचा नाही तर रोपं कुणाला हवीत? प्रयोगशाळेला कुलूप लागलं. आक्का घरी बसली आणि गप्प झाली. त्या काळात मी तिला डोळे दाखवायला पुण्याला नेलं होतं. परतताना रस्त्यावर शोभेच्या माशांचं दुकान लागलं, आणि तिथे निळ्या उजेडात हे समुद्रफूल तिने पाहिलं. बाहेर ऊन उतरेपर्यंत ती काचेसमोर उभी होती. माजलगावला येऊन तिने टाकी बांधून घेतली, त्यात समुद्राचं मीठ कालवलं, दगड रचले, आणि पाणी मुरेपर्यंत काही महिने नुसतीच वाट पाहिली. मग आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो.

"कुठल्या तुम्ही?" दुकानदाराने विचारलं. आक्काने सांगितलं. तो हसला. "मावशी, तिकडे माणसांना पाणी नाही. हे आठ दिवस टिकणार नाही. त्यापेक्षा गोल्डफिश न्या."

"हेच द्या," आक्का म्हणाली. "याचं पिल्लू आणून देईन तुम्हाला."

दुकानातले सगळे हसले. बसमध्ये डबा मांडीवर धरून ती मला म्हणाली, "हे गेलं ना, तर मी परत काही वाढवणार न्हाई." तिने ते इतक्या शांतपणे म्हटलं की मला भीती वाटली.

गावात चर्चा व्हायचीच ती झाली. शेजारी भुजंगराव राहायचे. कारखान्याचे संचालक, मोठे बागायतदार, त्या वर्षी मात्र बाग नावालाच उरलेली. ते ओट्यावरूनच ओरडले, "ओ बाई, धरणात पाणी न्हाई अन् तुमच्या घरात समुद्र! लई भारी!" आक्काने त्यांना आत बोलावून दाखवलं. एकदा भरलेला समुद्र रोज भरावा लागत नाही, मीठ उडत नाही, उडालेलं तेवढं गोडं पाणी घालायचं. पाणी गाळताना जे वाया जातं त्यात तिची भांडी निघत. भुजंगरावांचं समाधान झालं नाही. "पर हे खातं काय?"

"उजेड खातं," आक्का म्हणाली. मग त्यांना कळेल असं सांगितलं, "ह्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतंय. ते उजेडावर अन्न करतं अन् ह्याला देतं. हे त्याला घर देतं. तुमच्या कारखान्यागत. शेवाळ म्हणजे सभासद. सभासद निघून गेले की हे पांढरं पडतं अन् उपाशी मरतं."

"सभासद जातेत कावून पर?"

"ते संचालकांनीच सांगावं."

भुजंगराव एवढे हसले की चहा सांडला.

पण थोड्याच दिवसांत सभासद खरंच जायला लागले. आधी आक्काने प्रयोगशाळेतल्यासारखी साधी पांढरी नळी लावली होती. ती कमी पडली. समुद्रफूल देठ ताणून वर वर यायला लागलं, दगड सोडून काचेवर चढलं. मग तिने रोपवाटिकेत लावतात तसला गुलाबी-जांभळा दिवा आणला. रोपाला जो उजेड मानवतो तो शेवाळालाही मानवेल, असा तिचा अंदाज. घर लग्नाच्या मांडवासारखं दिसायला लागलं, काचेवर तपकिरी किटण चढलं आणि समुद्रफूल फिकटच होत गेलं. इथे तिचं शिक्षणच आड आलं होतं. ते मान्य करायला तिला एक दुपार लागली. "मी ह्याला ऊस समजले," ती म्हणाली. "हे पाण्याखालचं हाय. पाणी तांबडा उजेड वरच पिऊन टाकतं. खाली पोचतो तो निळा." तिने पुण्याहून निळा-पांढरा एलईडी मागवला. तापत नाही, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात पाणीही उकळणार नाही. खोली अगदी त्या दुकानासारखी निळी झाली आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्याच दिवशी समुद्रफूल आक्रसलं. सुकलेल्या लिंबाएवढं होऊन दगडामागे जाऊन बसलं. त्यानंतर रोज थोडं पांढरं पडत, शेवटी कागदासारखं झालं. मी तेव्हा तिच्याकडेच होतो. बघायला आलेले भुजंगराव म्हणाले, "दिवा कमी पडत असंल. अजून एक लावा." मलाही तेच वाटलं. आमच्याकडे पीक पिवळं पडलं की खत, पाणी, ऊन, सगळं वाढवायचीच बुद्धी होते. आक्का टाकीसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. आणि मग एकदम कपाळावर हात मारून हसायला लागली. कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"अरे, बाटलीतलं रोप मी कधी थेट उन्हात ठेवलंय का रे?"

तिला स्वतःचंच काम आठवलं होतं. बाटलीतून काढलेलं कोवळं रोप आधी हिरव्या शेडनेटखाली ठेवतात, दुहेरी-तिहेरी. मग एकेक पदर काढत त्याला उन्हाची सवय लावतात. त्याला हार्डनिंग म्हणतात. हजारो रोपांना तिने तसं सांभाळलं होतं, आणि मिणमिणत्या नळीखाली अशक्त झालेल्या या जिवावर मात्र भर दुपार ओतली होती. दिवा बरोबर होता. घाई चुकली होती.

"भुजंगराव, बंद पडलेल्या रोपवाटिकेतली जाळी मिळंल का?"

"आता तिथं जाळीच उरलीय बाई," असं म्हणून ते स्वतः मोटरसायकलवर गेले आणि हिरव्या जाळीची सुरळी मागे बांधून घेऊन आले. आक्काने तिचे दिव्याच्या मापाचे तुकडे कापले, धागे पाण्यात पडू नयेत म्हणून कडा मशीनवर शिवल्या, आणि ते एकावर एक दिव्याखाली बांधले. टाकीत सांजवेळेसारखा उजेड झाला. मग वाट बघणं… समुद्रफूल दगडामागून बाहेर आलं तेव्हा तिने पहिला तुकडा काढला. पाकळ्या उघडल्या तेव्हा दुसरा. कोळंबीचा कण धरायला लागलं तेव्हा आणखी एक. वीज जायची तेव्हा बॅटरीवर फक्त पाण्याचा पंप चालायचा. "दिवा गेला तर चालतं त्याला, श्वास अडकून चालत न्हाई." पाकळ्यांच्या बुडाशी चहाच्या रंगाची छटा आली तेव्हा तिने मला मुद्दाम फोन करून बोलावून घेतलं. सभासद परत यायला लागले होते.

पुढच्या उन्हाळ्यात, धरण अजून कोरडंच असताना, समुद्रफूल मधोमध ताणलं गेलं आणि त्याची दोन झाली. त्यांच्यात असंच होतं. अंगात बळ आलं की एकाची दोन होतात. सकाळी भुजंगरावांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि माझ्या पाठीत थाप मारली. "बघ बे! साऱ्या जिल्ह्यात संस्था बुडायल्या अन् ह्या बाईनं शाखा काढली!"

दुभंगल्या जागेची जखम पूर्ण भरल्यावर आक्का आणि मी पुण्याला गेलो. पिल्लू पिशवीत आणि पिशवी दूध संघातून आणलेल्या थर्माकोलच्या डब्यात. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"सुंदर आहे. कुठून घेतलंत?"

"त्याची आई तुमच्याकडूनच नेली होती. बीडला."

तो आक्काकडे पाहतच राहिला. मग ओशाळून हसला आणि एकदम विद्यार्थ्यासारखा म्हणाला, "मावशी, लाईट कोणता लावलात?"

"तुमचाच निळा," आक्का म्हणाली. "फक्त आधी झाकून ठेवला."

येताना बसमध्ये तिने खिडकीची जागा मागून घेतली, आणि बीड येईपर्यंत बोलत होती. पुढे पाऊस पडला, कारखाना सुरू झाला, प्रयोगशाळाही उघडली. तिने निवृत्तीपर्यंत पुन्हा तिथे काम केलं.

आता टाकी माझ्या खोलीत आहे, पुस्तकांच्या कपाटाला लागून. आणल्यावर समुद्रफूल आक्रसलं, दगडामागे गेलं. मी पुस्तकात पाहिलं नाही. आक्काने शिवलेले तुकडे सगळे बांधले आणि तिच्यासारखाच स्टूल घेऊन बसलो. सुरुवातीला खोलीत इतका कमी उजेड असायचा की वाचता येत नसे, आणि खरं म्हणजे वाचावंसंही वाटत नसे. ते बाहेर आलं, मी एक तुकडा काढला. ते उघडलं, मी दुसरा काढला. भुजंगराव फोन करायचे, त्यांचा प्रश्न ठरलेला, "सभासदांचं काय?" मी म्हणायचो, येतील.

आज सकाळी शेवटचा तुकडा काढला. सगळा निळा उजेड खाली उतरला, आणि समुद्रफूल दगडाच्या माथ्यावर बसून ताटाएवढं पसरलं, आक्काच्या घरी असायचं तेवढं. मी जाळीची घडी घालून टाकीवर ठेवली, आणि या वेळी भुजंगरावांना फोन मी केला.