मोरूचा चाकू, बायजाचा चांद्या

कुंभिवलीची बायजा नवऱ्यामागे स्वतः बैलगाडी चालवायची. पनवेलचं मीठ घाट चढून वर न्यायची. कमरेच्या लाकडी आकडीत कोयती. ती निजतानाच काय ती सुटे. गुडघे धरले, तेव्हा गाडी भाच्याच्या, मोरूच्या, हाती द्यायची वेळ आली. मोरू मुंबईच्या गिरणीतून आलेला, तेवीस वर्षांचा बाप्या.

"आधी चौकच्या बाजारातून पातं घेऊन ये, मग कासरा देते," ती म्हणाली.

मोरू मिरवत परतला. शिंगाच्या मुठीचा, मिटणारा विलायती चाकू.

"आत्ये, तीन पाती हायत!"

"आन् बैल किती हायत?"

"दोन."

"मग तिसरं तुज्या नाकाला? ह्यो पीळ कशाचा रं?"

"बाटलीचं बूच काढायचा."

"आमचा चांद्या बैल कवापासून बाटली प्यायला लागला?"

मोरू हिरमुसला. बायजाला मात्र तिचा नवरा आठवला. त्याचीही सुरी अशीच देखणी, फडक्यात गुंडाळून गाडीत जपलेली. घाटात बैल पडला, जुवाला मान बांधणारं जोतं गळ्यात रुतलं, आणि हा फडक्याची गाठ सोडत बसला. गाठ सुटेतो बैलाचे डोळे पांढरे. त्या मेल्या शहाणपणाला तिनं जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

तिनं अंगणातल्या मेढीच्या खांबाला जुनं जोतं आवळलं, मोरूच्या हातांना तेल फासलं.

"घाटात हात घामानं असंच बुळबुळीत. डाव्या हातानं मेढ धर. ह्ये जू हाय, सोडलंस तर दुसरा बैल बी आडवा. आता काप!"

एका हातानं चाकू उघडेना. नख खाचेतून निसटलं. मोरूनं पातं दातात धरलं.

"चांद्या मेला," बायजा थुंकली. "आता दातानं त्याचं कातडं सोल!"

दुसऱ्या दिवशी मोरूनं आबाजी लोहाराकडून साधी कोयती आणली. बायजानं तीही उलटीपालटी केली.

"मूठ गुळगुळीत. आबाजीला नाय अक्कल, तुला नाय डोळे." बडबडतच तिनं मुठीला काथ्या गुंडाळला, कोयती स्वतःच्या आकडीत घालून आकडी मोरूच्या कमरेला बांधली, आणि कासरा दिला.

नवव्या दिवशी गाडी परतली. चांद्याच्या मानेवर सोललेला वळ. मोरूच्या हातात दोन तुकडे झालेलं जोतं.

"आत्ये, उतारावर घसरला. डोळं फिरवलं त्यानं. मी डाव्या हातानं जू धरलं, आन्..."

बायजा ऐकतच नव्हती. चांद्याच्या गळ्याखालून तिचा हात पुन्हा पुन्हा फिरत होता. बैलानं तिचा पदर चाटला. मग तिनं ते तुकडे हिसकावून घेतले.

"नवं कोरं जोतं व्हतं रं! गाठीपाशी कापायचं, तर मधोमध कापतंय येडं."